आग्र्याची खतावणी

व्यापारी घराण्यातील मुलगा वयात आला की त्याच्या हाती थोडेफार भांडवल देऊन त्याला परमुलखात धाडावयाचे, ही आपल्या समाजातील रीत आजची नव्हे. चारशे वर्षांपूर्वी जौनपूरच्या एका श्रीमाळ जैन जवाहिऱ्याने हेच केले. वि. सं. १६६७ मध्ये, म्हणजे इ. स. १६१० च्या सुमारास, खरगसेन यांनी घरातील माल एकत्र केला, त्याची यादी कागदावर उतरवली आणि तो कागद मुलाच्या हाती दिला. यादीत जडावाच्या पोची होत्या, अंगठ्या होत्या, २४ माणके, ९ नीलम, २० पाचू आणि काही सुटी चुनी होती. त्याखेरीज २० मण तूप, तेलाचे दोन बुधले आणि २०० रुपयांचे जौनपुरी कापड. भांडवल काही घरचे होते, काही उसने. कपाळी टिळा लावून पित्याने सांगितले की घराचे ओझे आता तुझ्या शिरावर आहे. गाड्या आग्र्याच्या वाटेला लागल्या. मुलगा २४ वर्षांचा होता. त्याचे नाव बनारसीदास.

जौनपूर तेव्हा अलाहाबाद सुभ्यात मोडत असे. आग्रा हा निराळा सुभा, आणि जहाँगीरच्या दरबाराचे नगर. त्या नगराने बनारसीदासांना व्यापारी म्हणून जवळजवळ बुडवले आणि लेखक म्हणून उभे केले. या दोन्ही गोष्टी कशा घडल्या, हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे. वि. सं. १६९८ (इ. स. १६४१) मध्ये, वयाच्या ५५ व्या वर्षी, त्यांनी आग्र्यात बसून आपली हकीकत ६७५ दोहे-चौपायांत सांगितली. मनुष्याचे आयुष्य ११० वर्षांचे मानले तर आपली कथा निम्मीच झाली, म्हणून ग्रंथाचे नाव ‘अर्धकथानक’. भारतीय भाषांतील आरंभीच्या आत्मचरित्रांत त्याची गणना होते. ते लिहिणारा ना राजा होता ना संत. तो एक कर्जात बुडालेला आणि पुन्हा वर आलेला वाणी होता.

हा ग्रंथ छापील स्वरूपात वाचकांच्या हाती आला तो मुंबईतून. मध्य प्रांतातील सागर जिल्ह्यातल्या देवरी गावचे नाथूराम प्रेमी तरुणपणी नोकरीनिमित्त मुंबईत आले आणि येथलेच झाले. त्यांनी १९१२ मध्ये ‘हिंदी ग्रंथ रत्नाकर’ ही प्रकाशनसंस्था काढली आणि गिरगावातील हिराबागेतून ती चालवली. १९४३ मध्ये त्यांनी ‘अर्धकथानक’ संपादून प्रसिद्ध केले. परप्रांतात येऊन पुस्तकांचा व्यापार उभारणाऱ्या माणसाला परप्रांतात जाऊन रत्नांचा व्यापार बुडवणाऱ्या माणसाची कथा जवळची वाटली असेल, तर त्यात नवल नाही.

आग्र्याला निघण्यापूर्वीचे बनारसीदास कसे होते, हे थोडक्यात सांगणे अवश्य आहे. त्यांचे घराणे मुळात रोहतकजवळच्या बिहोलीचे. आजोबा मूलदास माळव्यात नरवर येथे एका मोगल सरदाराचे मोदी होते. ते वारताच सरदाराने त्यांची मालमत्ता ताब्यात घेतली आणि विधवा स्त्री लहानग्या खरगसेनांना घेऊन माहेरी जौनपूरला आली. म्हणजे या घराला गाव बदलण्याची सवयच होती. पुढे इ. स. १५९८ मध्ये जौनपूरचा नवाब कुलिच खान याने शहरातील जवाहिऱ्यांना पकडून चाबकांनी मारले, तेव्हा सारे जवाहिरे आपापली घरे सोडून पळाले. खरगसेनही कुटुंबासह शहजादपूरला गेले. लहानग्या बनारसींनी तेथे कवड्यांचा किरकोळ व्यापार करून पहिली कमाई घरी आणली, तेव्हा आजीने मिठाई वाटली.

परंतु मुलाचे मन दुकानात नव्हते. त्याने नाममाला, अलंकारशास्त्र, ज्योतिष यांचा अभ्यास केला. खरतरगच्छाच्या भानुचंद्र मुनींकडे धर्माचे पाठ घेतले. आणि त्याच वयात प्रेमप्रकरणांतही पडला. पित्याच्या पेटीतील रत्ने चोरून त्यांची पाने आणि मिठाई केली, हे त्यांनी स्वतःच नोंदवले आहे. चौदाव्या वर्षी ‘नवरस’ नावाचे हजार पद्यांचे शृंगारकाव्य लिहिले आणि पुढे एके दिवशी गोमतीच्या पुलावर मित्रांना ते वाचून दाखवता दाखवता पोथी नदीत फेकून दिली. इतके असत्य लिहिणाऱ्याची गती काय होईल, हा विचार त्या क्षणी मनात आला होता. मित्र हळहळले, पाने वाहून गेली. तेव्हा आग्र्याच्या वाटेवर निघालेला हा तरुण आपला एक ग्रंथ आधीच बुडवून आलेला लेखक होता, एवढे लक्षात ठेवावे.

इटाव्याजवळ मुसळधार पावसाने गाड्या अडल्या. सराईत आधीच कोणी उमराव उतरलेला, जागा नाही. चिखल तुडवीत दारोदार फिरताना एका स्त्रीने दयेने आत बोलावले, तोच तिचा नवरा बांबू घेऊन धावला. अखेर पहारेकऱ्यांच्या झोपडीत थारा मिळाला, पण थोड्या वेळाने एक दांडगट आला आणि त्याने झोपडी आपली म्हणून सर्वांना हुसकले. बाहेर पावसात ते निघालेले पाहून मग त्यालाच काय वाटले कोण जाणे, त्याने एक गोणपाट पुढे टाकले; ते खाली अंथरून हे निजले आणि त्यांच्या वर खाट टाकून तो स्वतः निजला. रत्नांचा व्यापारी परक्याच्या खाटेखाली गोणपाटावर रात्र काढतो, हे चित्र बनारसीदासांनी कोणताही आक्रोश न करता, किंबहुना थोड्या हसऱ्या चेहऱ्यानेच रंगवले आहे. परमुलखाची पहिली ओळख अशी झाली.

आग्र्यात मोतीकटऱ्यात त्यांचे मेहुणे बंदीदास राहत; त्यांच्याकडे ते उतरले. त्या काळी आग्र्याचा जैन संघ भरभराटीत होता. याच वर्षीचे, इ. स. १६१० चे, आग्रा संघाने आचार्य विजयसेनसूरींना धाडलेले विज्ञप्तिपत्र प्रसिद्ध आहे. उस्ताद शालिवाहनाने चितारलेल्या त्या लांब पटात जहाँगीरचा दरबार आणि पर्युषणातील हिंसाबंदीचे फर्मान दिसते. इतक्या संपन्न संघात नवख्याला उभे राहणे सोपे जावे, असे वाटते. तसे झाले नाही. तूप, तेल, कापड विकले, नफा नाममात्र. रत्नांचे तर विचारूच नये. काही रत्ने इजारीच्या नाडीत बांधली होती, नाडी तुटली आणि ती कोठे पडली ते कळले नाही. काही कापडात बांधून ठेवली, ती उंदरांनी ओढून नेली. जडावाच्या पोची ज्या सावकाराला विकल्या त्याचे दिवाळे निघाले. एक अंगठी पडून हरवली. मग ताप आला, आणि अंथरुणातून उठल्यावर घरातील चीजवस्तू विकून खाण्याची पाळी आली. जौनपूरहून आलेल्या पत्रांना त्यांनी उत्तर दिले नाही. उत्तर दिले ते दुसऱ्याच एका नातलगाने. आग्र्यातील थोरले मेहुणे उत्तमचंद यांनी खरगसेनांना कळवले की तुमच्या मुलाने भांडवल घालवले आणि आता त्याच्याजवळ काही उरले नाही. घरी रडारड झाली.

नवीन गावी गेलेल्या मुलाकडून पत्र येईनासे होते, तेव्हा घरच्यांना काय वाटते हे पिढ्यान्‌पिढ्या सर्वांना ठाऊक आहे. त्या न आलेल्या पत्रामागे मुलगा नेमके काय करीत असतो, हे मात्र सहसा कोणी सांगत नाही. बनारसीदासांनी सांगितले. ते रात्री ‘मधुमालती’ आणि ‘मृगावती’ गात असत.

ही दोन्ही सूफी प्रेमाख्याने. ‘मृगावती’ कुतुबनची, इ. स. १५०३ ची, ‘मधुमालती’ मंझनची, १५४५ ची. मुसलमान कवींनी अवधीत रचलेल्या या कथा एक जैन तरुण आग्र्याच्या भाड्याच्या घरात दिव्याच्या उजेडात वाची, आणि दहा-वीस माणसे जमून ऐकत. दिवसा बाजारात तोंड दाखवण्याची सोय नव्हती, म्हणून दिवस घरात काढावयाचा. रात्री मात्र श्रोते येत. पोटाची व्यवस्था एका कचोरीवाल्याकडे. रोज शेरभर कचोऱ्या उधारीवर आणावयाच्या. काही दिवसांनी मनाला लागले, आणि त्यांनी त्या माणसाला एकांतात गाठून सांगितले की उधारी पुष्कळ झाली, पुढे देऊ नका; माझ्याजवळ काही नाही आणि पैसे कोठून येतील तेही माहीत नाही. कचोरीवाल्याने उत्तर दिले की वीस रुपये होईपर्यंत खा, कोणी तुम्हाला विचारणार नाही.

उधार देणारा एक साधा हलवाई, घेणारा जवाहिऱ्याचा मुलगा. तारण नाही, साक्षी नाही, व्याज नाही. कित्येक महिने हे खाते चालले. पुढे धर्मदास नावाच्या ओसवाल तरुणाबरोबर भागीदारीत थोडीफार दलाली सुरू झाली, तेव्हा बनारसीदासांनी आधी कचोरीवाल्याचा हिशेब केला. तो चौदा रुपये निघाला. तो चुकता केल्याची नोंद ‘अर्धकथानका’त आहे. नवाब, सुभेदार, बादशहा यांच्या शेजारी या चौदा रुपयांना जागा मिळाली आहे, आणि ग्रंथातील सर्वांत आठवणीत राहणारा माणूस कोण, असे विचारले तर उत्तर तो कचोरीवालाच येईल.

धर्मदासाबरोबरची भागीदारी दोन वर्षांत मोडली. हा भागीदार उधळ्या होता. हिशेब मांडला तेव्हा मिळवलेले आणि खाल्लेले सारखेच भरले. भागीदारीतून हात झाडून निघालेल्या बनारसीदासांना वाटेत एक पुरचुंडी सापडली; तीत आठ मोती होते. ते ताईतात घालून कमरेला बांधले आणि सासुरवाडीला खैराबादेस गेले. तेथे पत्नीने विचारपूस केली. आधी त्यांनी सावरून घेतले, मग खरे सांगितले. तिने जपून ठेवलेले वीस रुपये पुढे केले आणि नंतर आपल्या आईच्या कानावर घालून, जावयाला कमीपणा वाटू नये अशा रीतीने, आणखी दोनशे मिळवून दिले. ग्रंथात त्या पत्नीच्या तोंडी फार थोडे शब्द आहेत. तिची हकीकत तिच्या बाजूने कोणी लिहिली असती तर तीही वाचण्यासारखी झाली असती.

त्या पैशांचे कापड आणि मोती घेऊन ते पुन्हा आग्र्याला आले. कापडात तोटा आला, मोत्यांनी तारले. त्याच सुमारास, वि. सं. १६७० मध्ये, त्यांनी ‘नाममाला’ हा पद्यकोश पुरा केला. यापुढे त्यांच्या आयुष्यात व्यापार आणि लेखन ही दोन खाती अशीच शेजारी शेजारी चालली.

आग्र्याने त्यांना एक मित्रही दिला, नरोत्तमदास. दोघे मिळून एकदा कोलच्या, म्हणजे आजच्या अलीगढच्या, जिनप्रतिमेच्या दर्शनाला गेले आणि वीतराग देवापुढे हात जोडून त्यांनी मागणे केले की आम्हाला लक्ष्मी द्या, म्हणजे पुन्हा यात्रेला येऊ. पुढे समयसाराचा पंडित झालेल्या माणसाने हा प्रसंग लपवला नाही. नरोत्तमदासाबरोबर पूर्वेकडे व्यापाराला जाताना रानात वाट चुकली आणि ते चोरांच्या गावात जाऊन पोहोचले. बनारसीदासांनी तेथील म्होरक्याला संस्कृत श्लोक म्हणून आशीर्वाद दिला. त्याने ब्राह्मण समजून निजावयास जागा दिली. रात्रीतून अंगावरच्या कापडाचे सूत काढून जानवी वळली, मातीचे टिळे लावले, आणि सकाळी चोरांच्या म्होरक्यानेच त्यांना वाटेला लावून दिले. शास्त्र शिकून व्यापाऱ्याचा काय लाभ, असे त्यांना घरी पूर्वी ऐकावे लागले होते. एका रात्रीपुरता तरी तो लाभ रोख होता.

याच काळात जौनपूरला कुलिच खानाचा मुलगा चिनी कुलिच खान अधिकारावर आला. ज्याच्या बापाने जवाहिऱ्यांना चाबूक मारले, तो या जवाहिऱ्याच्या मुलाकडे ‘नाममाला’ आणि ‘श्रुतबोध’ शिकू लागला.

नरोत्तमदासाच्या भागीदारीचा हिशेब आग्र्याचे मोठे सावकार सबलसिंह मोठिया यांच्याकडे होता. तो मिटवण्यासाठी बनारसीदास रोज त्यांच्या वाड्यात जाऊन बसत. तेथे दिवसभर पखवाज वाजे, गाणी होत, बंदीजन स्तुती करीत, शेठजी दान देत. हिशेबाला मात्र वेळ नसे. आज बघू, उद्या बघू. महिन्यांमागून महिने गेले. शेवटी अंगाशाह या मित्राने मध्ये पडून काम केले. हिशेबाचे कागद पाहिले, उभयतांच्या फारखत्या लिहिल्या आणि व्यवहार संपवला. बड्या शेठजींचे वर्णन करताना बनारसीदासांच्या लेखणीला जी धार येते, ती राज्यकर्त्यांच्या वर्णनातही नाही. मारहाण करणारा नवाब परवडला, पण गाणे ऐकत बसवून ठेवणारा सावकार नको, असे त्या ओळी वाचताना वाटून जाते.

वि. सं. १६७३ मध्ये खरगसेन निवर्तले. त्याच वर्षी आग्र्यात गाठीच्या रोगाची साथ आली. अंगाला गाठ येई आणि माणूस पाहता पाहता जाई. उंदीर मरत, वैद्यही मरत, लोक भीतीने अन्नाला शिवत नसत, असे वर्णन बनारसीदासांनी केले आहे. जहाँगीरनेही आपल्या स्मरणग्रंथात या साथीविषयी लिहिले आहे. पण बादशहाला जे वृत्त म्हणून कळले ते बनारसीदासांनी गल्लीतून पाहिले. तेही शहर सोडून जवळच्या खेड्यात गेले, आणि साथ ओसरल्यावर परत आले. जौनपूरला कायमचे परतण्याचा विचार आता राहिला नव्हता.

वि. सं. १६८० मध्ये अरथमल ढोर नावाच्या अध्यात्मप्रेमी गृहस्थाने त्यांच्या हाती कुंदकुंदाचार्यांचे ‘समयसार’ दिले, राजमल्लांच्या भाषाटीकेसह. वाचन झाले, पण समज अर्धवट राहिली. आत्मा कर्ता नाही, भोक्ता नाही, हे निश्चयनयाचे बोलणे त्यांनी व्यवहारात उतरवले. सामायिक सुटले, प्रतिक्रमण सुटले, देवापुढचा नैवेद्यही खाण्यापर्यंत मजल गेली. तिघा मित्रांसह बंद खोलीत वस्त्रे टाकून, आपण मुनी झालो असे म्हणत ते नाचत. गावाने त्यांना ‘खोसरामती’ म्हटले. बारा वर्षे ही स्थिती राहिली. वि. सं. १६९२ मध्ये पंडित रूपचंद आग्र्याला आले आणि त्यांनी मंडळींपुढे ‘गोम्मटसार’ उलगडला. गुणस्थानाप्रमाणे क्रियेचेही स्थान असते, पायरी चढल्यावाचून पायरी सोडता येत नाही, हे तेव्हा उमगले. स्याद्वादाचा अर्थ त्यांना पुस्तकातून नव्हे, आपल्याच बारा वर्षांच्या घसरणीतून कळला, असे म्हटले तरी चालेल.

पुढच्याच वर्षी, वि. सं. १६९३ मध्ये, ‘नाटक समयसार’ पूर्ण झाले. कुंदकुंदांच्या प्राकृत गाथा, त्यांवरील अमृतचंद्राचार्यांचे संस्कृत कलश आणि राजमल्लांची टीका या तिन्हींचा आधार घेऊन, बाजारात बोलल्या जाणाऱ्या भाषेच्या जवळच्या भाषेत रचलेला हा ग्रंथ आजही मंदिरांतून आणि स्वाध्यायमंडळांतून वाचला जातो. रूपचंद, चतुर्भुज, भगवतीदास, कुंवरपाल आणि धर्मदास या पाच मित्रांच्या नित्य चर्चेचा उल्लेख बनारसीदासांनी त्यातच केला आहे. वीस मण तूप घेऊन आलेल्या परप्रांतीयाला आग्र्याने अखेर जे दिले ते हे मंडळ.

व्यक्तिगत खात्यात मात्र नावेच नावे होती. तीन विवाह झाले. सात मुलगे, दोन मुली झाल्या. नऊच्या नऊ गेली. घरात पति-पत्नी दोघेच उरली. ‘अर्धकथानक’ लिहावयास ते बसले तेव्हाची ही स्थिती आहे, आणि तरीही ग्रंथाचा सूर विलापाचा नाही. माल किती आणला, किती हरवला, कोणी फसवले, कोणी खाऊ घातले, आपण कोठे खोटे बोललो, हे एका मागून एक उतरत जाते, आणि शेवटी स्वतःच्या स्वभावाचाही जमाखर्च येतो. जमेकडे क्षमा, संतोष, मृदू बोलणे, कवित्व आणि भाषांचे ज्ञान. नावेकडे लोभ मोठा, घर सोडवत नाही, जप-तप-संयमात मन रमत नाही, थोड्या लाभाने हर्ष आणि थोड्या हानीने विषाद, थट्टामस्करीची फार हौस, कथा सांगताना खोटेही रंगवून सांगणे, कधी अकस्मात वाटणारी भीती, आणि एकांत मिळाला की नाचू लागणे. उत्तम, मध्यम आणि अधम असे माणसांचे तीन वर्ग करून त्यांनी स्वतःला मधल्या वर्गात घातले.

त्या ५५ वर्षांपुढचे आयुष्य थोडेच होते. वि. सं. १७०० च्या फाल्गुनात त्यांनी ‘कर्मप्रकृतिविधान’ पुरे केले. तारीख घातलेली त्यांची ती शेवटची रचना. पुढच्या वर्षी, वि. सं. १७०१ मध्ये, आग्र्याच्याच जगजीवन नावाच्या श्रावकाने त्यांच्या विखुरलेल्या लहानमोठ्या रचना जमवून ‘बनारसीविलास’ सिद्ध केला. त्यात ‘नवरस’ नाही. तो गोमतीतच राहिला.